वखारवाल्याच्या नातवाचं घर

आजोबांच्या खांबात माझा अंगठा शिरला, तेव्हा ओसरीवर पाहुणे बसलेले होते. श्रावणाचे दिवस, बाहेर झड लागलेली. बोलता बोलता मी खांबाला टेकलो, हात सहज खाली गेला आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर अंगठा लाकडात रुतला. भिजलेल्या पुठ्ठ्यात रुतावा तसा. वरून पॉलिश चकचकीत, आत नुसता भुगा. पाहुणे म्हणत होते, "अस्सल सागवान दिसतंय, शंभर वर्षांचं तरी असेल." मी "असेल" म्हणालो आणि अंगठा विजारीला पुसला.

घर बांधून झालं २०१५ साली. ही गोष्ट २०१९ची. जे लाकूड तळोद्यातल्या आमच्या जुन्या घरात तीन पिढ्या उभं होतं, ते माझ्या नव्या घरात पाच पावसाळेही टिकलं नाही. दोष लाकडाचा नव्हता. नाशिकला बँकेत तीस वर्षं काढून गावी घर बांधणाऱ्या माणसाला जे जे हौसेने सुचतं ते सगळं मी केलं आणि त्यातलं जवळजवळ सगळंच चुकलं. अलीकडे शहादा, नंदुरबारकडचे ओळखीचे लोक घर बघायला येतात. "आमच्याही जुन्या घराचं सामान पडून आहे, शेतात असंच काहीतरी करायचंय" म्हणतात. त्यांना मी चहा देतो आणि आधी खांबाचा बुंधा दाखवतो.

लाज वाटण्याचं कारण आणखी एक आहे. आमच्या आजोबांची लाकडाची वखार होती.

तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी. आज उसाच्या, केळीच्या आणि पपईच्या गाड्या दिसतात. पण ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरात या गावाची ओळख खानदेशातली इमारती लाकडाची मुख्य पेठ अशी दिलेली आहे. रोशा गवताचं तेल आणि धान्य यांचाही व्यापार होताच. शिवाय खानदेशातल्या सगळ्यात चांगल्या बैलगाड्या इथे बनतात आणि एका गाडीला सरासरी चाळीस रुपये पडतात, असंही त्यात नोंदवलंय. नगरपालिका १८६७ची, म्हणजे राज्यातल्या जुन्यांपैकी. मेवासी वनविभागाची कचेरी आजही गावातच आहे. थोडक्यात, या गावात लाकूड कळणारी माणसं कधी कमी नव्हती. मी त्यांच्यातला नव्हतो, एवढंच. आणि तसं कबूल करायची तयारीही नव्हती.

जुनं घर बाजारपेठेतल्या बोळात होतं. पुढे ओटा, मग ओसरी, मग माजघर, अर्ध्यावर धाबं आणि अर्ध्यावर कौलं. धाब्यावर दर वर्षी मृगाच्या आधी पांढरी माती टाकून चोपणं चाले, ते मला आठवतं. वडील गेल्यावर घर मोकळं पडलं. धाब्यावर पिंपळ उगवला, एका बाजूची भिंत बोळात झुकली आणि नगरपालिकेची नोटीस आली. २०१३च्या उन्हाळ्यात घर उतरवलं. त्यातून निघाले बारा खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, नक्षीची एक चौकट, पितळी कड्यांचा झोपाळा, चाकांवरची मोठी लाकडी पेटी म्हणजे पटारा, देव्हारा, दोन धान्याच्या कोठ्या, तांब्याचा बंब, घंगाळं आणि आजोबांच्या दमणीची, म्हणजे हलक्या बैलगाडीची, दोन चाकं. दमणीचा साटा आणि जू कुठे गेलं ते कोणालाच आठवत नव्हतं.

इथेच पहिली चूक झाली. सामानाची यादी केली नाही, खांबांवर नंबर टाकले नाहीत. मजुरांनी जसं निघेल तसं काढून ट्रॉलीत भरलं. कोणती तुळई कोणत्या खांबावर बसत होती, तिचा वरचा माथा कोणता, हे घर पडलं त्याच दिवशी विसरलं गेलं. आमच्याच तालुक्यात याचं शहाणपण होतं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, अशा अक्कलकुवा आणि धडगावकडच्या कितीतरी कुटुंबांना तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा या बाजूंना जमिनी मिळाल्या. त्यांच्यातल्या पुष्कळांनी डोंगरातली घरं उकलून सागाचे खांब आणि वासे सोबत आणले आणि खाली सपाटीवर पुन्हा उभे केले. माझ्याकडे मजुरीला आलेला एक जण तिकडचाच. नंतर, सगळं बिघडल्यावर, त्याने मला सहज सांगितलं की घर उकलायच्या आधी प्रत्येक खांबाला कुऱ्हाडीने खूण करतात, उगवतीच्या बाजूला एक खाच, मावळतीला दोन. मी त्याला विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, तुमच्याकडे नकाशा होता.

नकाशा होता खरा. तो काढून घेताना मी वास्तुरचनाकाराला घरात आम्ही किती माणसं राहणार, वर्षातले किती महिने राहणार, हे सांगितलंच नाही. पटारा कुठे बसेल, झोपाळा कुठे लटकेल, आठ खांबांची ओसरी कशी दिसेल, हे सांगितलं. त्या बिचाऱ्याने तसं काढून दिलं. बाकीचे चार खांब, तुळया आणि फळ्या गोदामात ठेवल्या. वस्तूंनंतर घरात जी जागा उरली, तीत आम्ही दोघं नवरा-बायको आणि वर्षातून दहा दिवस येणारा मुलगा.

जागा आमच्याच शेतातली, वडिलोपार्जित, म्हणून माझी त्या बाबतीत फरफट झाली नाही. पण जे लोक इकडे नवी जमीन घेऊन घर बांधायचं म्हणतात त्यांनी एक नीट ध्यानात ठेवावं. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परस्पर घेता येत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ त्यासाठीच आहे. "साठेखत करून ठेवू, पुढे बघू" असं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नका. सातबारा स्वतः वाचा, भोगवटा वर्ग बघा, आणि शेतघराच्या परवानगीचं तलाठ्याच्या तोंडी 'चालतं'वर सोडू नका, कागद घ्या.

लाकडाच्या वाहतुकीचंही तसंच. घर आपलं, लाकूड आपलं, पण सागवान गाडीत भरून रस्त्यावर निघालं की ते वनखात्याच्या नजरेत सागवान असतं. वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्या. उतरवण्याआधीचे घराचे फोटो, घरपट्टीच्या पावत्या, पंचनामा जवळ असू द्या. नाक्यावर "आजोबांचं आहे हो" हे चालत नाही. मी ते ऐकवून पाहिलंय.

आता खांबांचं.

ओसरीचे आठही खांब साडेनऊ फुटी. नव्या ओसरीचं छप्पर उतरतं, पुढची कड आठ फुटांवर. दीड फूट जास्त. मी वर कापायला तयार नव्हतो, कारण वर तुळईला आधार देणारे नक्षीचे हस्त बसायची खाच होती. तेव्हा ठेकेदाराने तोड काढली: "दीड फूट खाली काँक्रीटमध्ये गाडू. हलणारसुद्धा नाहीत." मला ते फार पटलं. खांब हलू नयेत असं कोणाला वाटणार नाही?

त्या दिवशी आमचे जुने मिस्त्री शेतावर आले होते. त्यांच्या घरी बैलगाड्या बनत. आता ते दारं-खिडक्या करतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी खड्डे बघितले आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, खांब गाडू नका. सडी जाई." मी म्हटलं, मिस्त्री, सिमेंटमध्ये आहे, मातीत नाही. ते थोडं थांबले. "तू शिकेल शे, तुले मी काय सांगू." आणि सायकलवर बसून गेले.

त्यांना जे सांगता आलं नाही ते मी पुढे स्वतःच्या खर्चाने शिकलो. जुन्या घरातला एकही खांब जमिनीत नव्हता. प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा होता, जमिनीपासून नऊ इंच वर आलेला. खांब त्यावर नुसता उभा, वरच्या वजनाने बसलेला. ओल जमिनीतून दगडात येते, तिथून लाकडात चढायच्या आत वाऱ्याने सुकते. सारवताना, धुताना पाणी दगडाला लागतं. वाळवीला जमिनीतून लाकडापर्यंत यायचं तर दगडावरून मातीचा बोगदा बांधत यावं लागतं, आणि तो केरसुणी मारणाऱ्या बाईला सकाळीच दिसतो. काँक्रीटमध्ये गाडलेल्या खांबाला या तिन्हींतलं काही मिळत नाही. काँक्रीट पाणी शोषतं, खांबाच्या भोवती बारीक फट राहतेच, पावसाचं पाणी त्या फटीतून खाली उतरतं आणि तिथे साचतं. खालचं टोक म्हणजे लाकडाच्या शिरांची उघडी तोंडं. पाणी पिण्यात ती दिव्याच्या वातीसारखी. आणि वाळवी, जिला इकडे उधई म्हणतात, ती खालून खांबाच्या पोटातून चढते. बाहेर बोगदा दिसतच नाही.

"सागाला वाळवी लागत नाही" हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगतात की मीही सांगत असे. हे अर्धं खरं. सागाच्या गाभ्यात तेल आणि किडीला नकोशी द्रव्यं असतात, म्हणून गाभा टिकतो. कडेचं पांढरं लाकूड मात्र बाकीच्या लाकडांसारखंच. पूर्वी सुतार ते तासून टाकत. आमच्या खांबांना गाभा होता, पण सतत ओल्या राहिलेल्या बुंध्यात बुरशी आधी गेली आणि मग उधईला आत वाट मिळाली.

मग सातपुड्यातली घरं कशी टिकतात, असं मला एकाने विचारलं. तिथे तर खांब सरळ जमिनीत गाडतात. प्रश्न बरोबर आहे. पण त्या घरात रोज चूल पेटते, धूर कुडातून आणि कौलांतून फिरतो, घर कधी बंद नसतं. आणि खांब गेला तर तो बदलणारी माणसं घरातच असतात. माझं घर सुरुवातीची वर्षं दिवाळी, होळी आणि मे महिना सोडला तर बहुतेक कुलपातच होतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पलंगांवर प्लास्टिक. वरच्या मजल्यावर तर मी धूळ येऊ नये म्हणून फटींना टेप लावला होता. नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसून वाटायचं, घर किती जपून ठेवलंय.

वाळवी आली कुठून, हे शोधायला खालची फरशी उचलली तेव्हा आणखी एक प्रकार कळला. जोत्यात मुरूम टाकायचा होता. तो लांबून आणावा लागतो, म्हणून निम्म्या भागात शेतातलीच काळी माती ढकललेली. तिच्यात बाभळीची मुळं, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या कागदी पिशव्या. वाळवीला याहून चांगलं जेवण वाढता येणार नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशात भेगाळते. म्हणून माजघराची फरशी पावसाळ्यात ढोलकीसारखी वाजायची आणि उन्हाळ्यात भिंतीला तिरकी चीर पडायची. मला तेव्हा वाटायचं, नवं घर आहे, बसतंय.

काळ्या जमिनीवर बांधणाऱ्याने पाया मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगीर कंद असलेले पाइल घालतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र या मातीसाठीच रुळवलं. जोत्यात टाकायचा मुरूम स्वतः उभं राहून बघावा. ट्रॉली रिकामी होताना पाच मिनिटं चहाला गेलात तर त्या पाच मिनिटांतच काळी माती येते. आणि फरशी घालण्याआधी वाळवीचं औषध. त्यासाठी भारतीय मानक ६३१३ आहे, त्यात किती औषध किती पाण्यात आणि पायाच्या कोणत्या टप्प्यावर, सगळं लिहिलंय. ठेकेदार "मारून टाकतो साहेब" म्हणतो, पण डबा कोणता, किती लिटर, कुठे कुठे, हे तुम्ही विचारलं नाही तर बादलीत रंगीत पाणीच असतं, असं म्हणणार नाही; माझ्याकडे काय होतं ते मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही.

पॉलिशचंही सांगून टाकतो. जुन्या लाकडावर धुराचा, तेलाच्या हाताचा, सारवणाच्या शिंतोड्यांचा काळसर थर असतो. मी मशीन लावून तो घासून काढायला लावला, वर जाड चमकदार थर चढवला. लाकूड नव्या सोफ्यासारखं दिसायला लागलं आणि आतली ओल आतच राहिली. आता मी नुसतं अळशीचं तेल पातळ करून, कापडाने, वर्षातून एकदा लावतो. मात्र ते तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं, आणि असं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

चाकांची गंमत ऐका. दमणीची दोन्ही चाकं मी ओसरीच्या भिंतीवर लटकवली होती, मधे दिवा लावून. हल्ली सगळ्या ढाब्यांवर असतात तशीच. तिसऱ्या उन्हाळ्यात एका चाकाचे आरे खुळखुळायला लागले, चौथ्यात लोखंडी धाव निसटून खाली पडली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. मिस्त्री हसले. लाकूड लांबीत आटत नाही, रुंदीत आटतं. उन्हाळ्यात पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे, आटले की धाव सैल होते. म्हणून गाडीवाले वैशाखात गाडी नदीत नेऊन चाकं भिजत ठेवायचे. धाव बसवताना तिला तापवून लाल करायची, पुठ्ठ्यांवर चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळलं की चाक घट्ट. मधल्या तुंब्याला बाभूळ, आऱ्यांना तिवस, कण्याला धावडा, असं प्रत्येक भागाचं लाकूड वेगळं. चाळीस रुपयांची गाडी म्हणजे हे सगळं ज्ञान होतं, आणि मी त्यावर झिरोचा बल्ब लावला होता.

पटाऱ्याच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही नाही. साडेतीन फूट रुंद, पाच फूट लांब, खाली लाकडी चाकं, वर पितळी पट्ट्या. नवं दार तीन फुटी. पटारा दाराशी आला तेव्हा हे लक्षात आलं. ठेकेदाराने विचारलं, "कापायचा का?" मी ओरडलो. मग शयनघराची खिडकी फोडून तो आत घेतला आणि खिडकी पुन्हा बसवली. पटारा बसला आतल्या भिंतीला चिकटून. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. खालच्या चाकांमुळे त्याखाली झाडता येत नाही, आणि भिंतीतली ओल दिसत नाही. माप घेताना वस्तूचं घेतात. वाटेत येणाऱ्या दाराचं, वळणाचं, जिन्याचं घ्या. आणि लाकडी वस्तू भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा, मागे हात जाईल एवढी.

पटाऱ्यात वखारीच्या वह्या होत्या. लाल कापडी बांधणीचे रोजमेळ आणि खतावण्या, बहुतेक मोडीत. कोणत्या जंगलातून किती नग आले, कोणाच्या घराला किती तुळया गेल्या, कोणत्या सुताराला किती उधारी, असं सगळं. मला मोडी येत नाही, वडिलांना येत असे. कधीतरी वाचून घेऊ म्हणून ठेवलेल्या. खांबाचा प्रकार झाल्यावर पटारा उघडला तर वरच्या वह्या जशाच्या तशा दिसल्या. हात लावला तर आतून पोकळ, पानांची माती झालेली. खालच्या तर ओळखूच येत नव्हत्या. एकोणीस होत्या, दोन वाचल्या. त्या दोन आता स्कॅन केल्या आहेत. लाकूड पुन्हा कापता येतं, जोडता येतं; वह्यांचं काही करता येत नाही. आमच्याच खानदेशात धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाच्या त्या संस्थेत जुने कागद सांभाळले जातात. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. घरी मोडी कागद असतील तर आजच फोनने पानापानाचे फोटो काढा. मी वह्या शोभेच्या पेटीत शोभेसाठी ठेवल्या, याहून वेगळं काही कारण माझ्याकडे नाही.

आणि ताई.

ताई मोठी, सुरतला दिलेली. वास्तुशांतीला आली, झोपाळ्यावर बसली, पायाने हळूच रेटा दिला. सगळे फोटो काढत होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तू मला विचारलंस का रे?" मी म्हटलं, काय? "हेच. झोपाळा, पटारा, बंब. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." मी म्हणालो, घर आपलंच आहे ताई. ती काही बोलली नाही. पुढची दोन वर्षं राखी पोस्टाने आली.

कायद्याचं म्हणाल तर वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे बँकेत असताना मीच ग्राहकांना समजावून सांगत होतो. पण जमिनीचा हिस्सा लोक विचारतात, झोपाळ्याचा विचारत नाहीत. आमच्यात तंटा झाला नाही. नुसती बोलचाल थांबली. खांब सडल्याचं कळल्यावर तिचाच पहिला फोन आला, "पटारा बरा आहे ना?" त्यानंतर आम्ही बसून यादी केली. प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, कोणी कुठून आणली याची जेवढी आठवण असेल तेवढी माहिती, आणि पुढे कोणाकडे जाणार ते. दोघांच्या सह्या. ही यादी घर उतरवायच्या आधी व्हायला हवी होती, सहा वर्षांनी नाही.

यादी करताना देव्हाऱ्यातल्या एका पितळी मूर्तीचा विषय निघाला. अमेरिकेतल्या भाच्याला ती हवी होती. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही, विकायची तर परवाना लागतो, नोंदणीही करावी लागते. भाचा म्हणाला, बॅगेत घालून नेतो, कोण बघतंय. ताईने त्याला एकच वाक्य ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूर्ती इथेच आहे.

दुरुस्तीला मी मिस्त्रींकडेच गेलो. ठेकेदाराने तोवर "बुंध्याभोवती सिमेंटचा जॅकेट घालू" सुचवलं होतं. मिस्त्री आले, हातोडीच्या दांड्याने एकेक खांब खालून वर ठोकत गेले. कोरडा टणक आवाज येईपर्यंत. जिथे आवाज बदलला तिथे खडूची रेघ. आठांपैकी पाच खांबांवर रेघ गाडलेल्या टोकापासून सव्वादोन फुटांच्या आत आली. उरलेले तीन तर कमरेपर्यंत गेलेले.

मग मी हिशेब मांडला. साडेनऊ फुटांतून सव्वादोन गेले तर सव्वासात उरतात. छप्पर आठ फुटांवर. नऊ इंच कमी.

मिस्त्री बागेकडे बघत होते. जुन्या घराचे तळखडे मी तिथे आंब्याखाली बसायला ठेवले होते, गोल करून, मधे तुळस. बारा होते. उंची नऊ इंच.

पाचही खांब जॅकवर छप्पर उचलून सोडवले, काँक्रीट फोडलं, बुंधे कापले. खाली तळखडा, त्यात अर्ध्या इंचाचं भोक, खांबाच्या तळाला तेवढाच लोखंडी खुंट, म्हणजे सरकू नये. बाकी काही नाही. उरलेल्या तीन खांबांच्या जागी गोदामातले खांब बसवले. ते तेवढे लांब नव्हते, म्हणून त्यांचे तळखडे दगडाच्या पट्टीवर उंच केले. ओळीत बारकाईने बघितलं तर कळतं. मिस्त्रींनी ओळंबा धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि पैसे सांगितले. ठेकेदाराच्या जॅकेटच्या निम्मे.

मागच्या दोन खोल्या आता शेतावर काम करणाऱ्या जोडप्याला दिल्या आहेत. त्यांच्याकडून भाडं घेत नाही. ते रोज चूल पेटवतात, खिडक्या उघडतात, आणि ती बाई केर काढताना तळखड्यांभोवती केरसुणी फिरवते. दोनदा तिने मातीची रेघ पकडली. दिसली की ती मला फोन करत नाही, आधी पुसून टाकते, मग सांगते.

पटारा यादीप्रमाणे ताईचा. तो अजून शयनघरातच आहे, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेला. बाहेर काढायचा तर खिडकी पुन्हा फोडावी लागेल. मी मिस्त्रींना तारीख विचारायला निघालो होतो, तेवढ्यात ताईचा सुरतेहून फोन आला: आमच्या लिफ्टच्या दाराचं माप घेतलंय, सव्वातीन फूट, जिन्याच्या वळणाचं उद्या घेते, तोवर खिडकीला हात लावू नकोस.